माझ्या पाळीत ब्रेकडाऊन नाही

"बंद कर! आधी मेन व्हॉल्व्ह बंद कर! तोंड बंद कर म्हणतोय मी, भाडेकरू!"

मोहन्याच्या नाक्यावर, भर सकाळी, माझ्या हातात जिलबी होती. म्हणजे अर्धी हातात आणि अर्धी दातांत. आवाज येत होता समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून, आणि आवाज असा की नाक्यावर जे जे चालू होतं ते सगळं बंद पडलं. जिलबीवाल्याने शेगडी बंद केली. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. एक बाई फोनवर सुनेशी भांडत होती, तिने भांडण तिथल्या तिथे मिटवलं, आणि माझी खात्री आहे की त्या दोघींचं आजतागायत गोडीगुलाबीने चाललंय. कढईतलं तेल उकळायचं थांबलं, असंही मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलेलं आहे. त्यातलं वाटेल तेवढं कमी करून घ्या.

"माझा घास आहे, मालक!" मी खालून ओरडलो.

"घास तुझा, पण आकडा माझ्या वहीत चढतो!"

हे आमचे घरमालक. सगळा मोहना त्यांना मालक म्हणायचा. ते मला भाडेकरू म्हणायचे. चार वर्षं मी त्यांच्या घरात राहिलो, पण त्यांना माझं नाव माहीत होतं की नाही, याबद्दल मला अजून शंका आहे.

खोली बघायला गेलेलो त्या दिवशीची गोष्ट. मी तेव्हा शहाडच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो, एकटा होतो, आणि घरमालक काय काय विचारतात त्याची सगळी उत्तरं पाठ करून गेलेलो. लग्न झालंय का, मटण खाता का, पाहुणे किती येतात. मालकांनी यातलं एकही विचारलं नाही. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, एखाद्या जुन्या पंपाकडे बघावं तसं, आणि विचारलं, "शुगर आहे?"

मला वाटलं चहात घालायला मागतायत. मग कळलं. मी खाली मान घालून म्हणालो, "आहे. सहा महिने झाले."

मालकांचा चेहरा असा उजळला की जिन्यातला दिवा लावायची गरज उरली नाही. "मला सतरा वर्षं," ते म्हणाले, सैन्यात किती वर्षं होतो ते सांगावं तसं. "खोली तुझी. सामान आण."

मालक मूळचे तिथलेच, आगरी. बापजाद्यांची भातशेती होती, तिच्यातल्या उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ही तीन मजली इमारत उभी केलेली. पण त्यांना स्वतःला शेताचं काही नव्हतं, त्यांचं सगळं होतं ते कारखान्याचं. मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात ते बॉयलर हाऊसला पाळीप्रमुख होते. कारखाना बंद पडून जमाना झाला, चिमणीतून धूर यायचा थांबला, भोंगा वाजायचा थांबला; मालक तेवढे थांबले नाहीत. सकाळी सात आणि दुपारी तीन, पाळी बदलायच्या ठोक्याला, ते गॅलरीत येऊन पंचाची शिट्टी फुंकायचे. रात्री अकराचीही फुंकायचे, पण ती शिट्टी काकींनी जप्त केली. मालकांच्या शिट्टीवर लोक पार आंबिवलीपर्यंत घड्याळं लावतात, असं मी कंपनीत सांगायचो. निदान आमच्या इमारतीतली दुधाची पातेली तरी नक्की तिच्यावरच उतरायची.

कारखाना गेल्यावर चालवायला बॉयलर उरलं नाही. मग मालकांनी स्वतःलाच चालवायला घेतलं.

"हे बघ," ते पोटावर थाप मारून सांगायचे, "ही भट्टी. हे तोंड म्हणजे फीड. हे पाय म्हणजे लोड. फीड जास्त, लोड कमी, की प्रेशर चढणार. यात देव नाय, दैव नाय, खानदान नाय. जो पाळीवर आहे त्याच्या हातात सगळं."

खानदान हे मला उद्देशून असायचं. कारण माझं मत वेगळं होतं. आमच्या घरात साखर ही वडिलोपार्जित. आजोबांना होती, वडिलांना होती, दोन्ही काकांना होती. आमच्याकडे पोरगा वयात आला की घरचे नोकरी आणि साखर या दोन गोष्टींची वाट बघत बसतात. जे रक्तातच आहे त्याला मी काय करणार? डॉक्टर गोळी देईल, मी आठवण झाली तर घेईन, आणि मधल्या वेळात जिलबी. हे माझं तत्त्वज्ञान मी मालकांना पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या शिट्टीला, बोट टोचायचं यंत्र घेऊन, माझ्या दारात उभे.

"बोट."

"मालक, अहो मी दात घासतोय."

"दात घासायला दुसरा हात आहे ना? बोट."

त्यांची वही बघण्यासारखी होती. कारखान्यातली असते तशीच लांबोडकी लॉगबुक, कल्याणच्या बाजारातून बांधून आणलेली. तारीख, पाळी, आकडा, खाणं, चालणं आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. आकडा चांगला आला की निळं पेन, चढला की लाल. लाल सलग तीन वेळा आलं की मालक स्वतःलाच मेमो द्यायचे. थट्टा नाही. कार्बन लावून. "आपण काल सायंकाळी भाच्याच्या हळदीत तांदळाच्या तीन भाकऱ्या खाल्ल्याचे निदर्शनास आले आहे. खुलासा करावा." खाली सही, मालक. आणि दुसऱ्या दिवशी खुलासा, "डीजेवर दोन तास नाचून भरपाई केली आहे," खाली सही, मालक. त्या हळदीत मी होतो. साठी उलटलेला माणूस मांडवात नाचतोय, दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन बोट टोचतोय, आकडा बघतोय आणि परत आत जाऊन नाचतोय. नवरदेव थकला, डीजेवाला थकला, डीजेचं मशीन तापून बंद पडलं. मालक तेव्हा कुठे निळ्या पेनावर आलेले.

माझ्या नावाचा वहीत रकाना नव्हता, "भाडेकरू" असा होता. मी काय खाल्लं ते ते मला विचारायचेच नाहीत, थेट नाक्यावरच्या जिलबीवाल्याला विचारायचे. चारचौघांत अब्रू जाण्यापेक्षा चालायला जाणं परवडलं, म्हणून मी नदीपर्यंत चालायला लागलो. वर्षभरात माझा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा असा खाली आला की गावी, वाईला, आईने देवाला नारळ फोडला. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "नारळ कशाला? पाळी नीट चालवली, आकडा खाली आला. संपलं."

डॉक्टरांना मालक बॉयलर इन्स्पेक्टर म्हणायचे. कल्याणला एक डॉक्टरीणबाई होत्या, चाळिशीच्या, शांत, त्यांच्याकडे मालक दर तीन महिन्यांनी जायचे, पण शिक्का मारून घ्यायला गेल्यासारखे. "इन्स्पेक्टरनं यायचं, बघायचं, सही करायची, चहा प्यायचा, जायचं. बॉयलर काय इन्स्पेक्टर चालवतो?" बाईंनी दिलेल्या गोळ्याही ते आपल्या अकलेने घ्यायचे. आठवडाभर निळं पेन चाललं की गोळी बंद. "मशीन गोड चाललंय, मग तेल कशाला ओतू?"

याच्या बरोब्बर उलट आमच्या काकी. म्हणजे मालकांच्या बायको. ठेंगणी, गोल, मोठ्या कुंकवाची बाई. स्वयंपाकघराच्या ओट्यावर गावदेवीची तसबीर आणि तिच्यावर एवढा विश्वास की गॅस संपला तरी आधी तसबिरीकडे बघणार. काकींना ब्लडप्रेशर. त्याबद्दल बोललं की एकच उत्तर, "आपले हातान काय नाय रे बाला. सगला आईचे हातान."

झालं, मला वाटलं, आपल्या पक्षाची बाई भेटली. पण काकींची गंमत वेगळीच होती. गोळ्यांची पट्टी त्या तसबिरीपुढे ठेवायच्या. सकाळी अंघोळ, दिवा, हळदकुंकू, आणि मग पट्टीतली एक गोळी देवीच्या पायाला लावून तोंडात. आईनं दिली. आईनं दिलेला प्रसाद कोण चुकवणार? दहा वर्षांत त्या बाईची एक गोळी चुकली नव्हती. मी हिशेब चुकवणारा स्टोअरकीपर नाही, स्वतःच्या डोळ्यांनी रिकाम्या पट्ट्या पाहिल्यात. त्याही त्या निर्माल्यात टाकायच्या.

मालक यावरून त्यांना चिडवायचे. "देवीला विचार, माझा आकडा किती येईल."

"देवीला दुसरी कामा हायेत," काकी म्हणायच्या.

आता मालकांच्या दोन गोष्टी सांगतो, बॉयलर हाऊसच्या. त्या त्यांनी मला शंभर वेळा सांगितल्या, काकींना दहा हजार वेळा.

पहिली, काट्याची. एकदा पाळीवर असताना प्रेशरचा काटा जिथे असायला हवा तिथेच होता. हिरव्यात. सगळे खूश, चहा पीत बसलेले. मालकांना एकट्याला जमीन तळपायाला थरथरताना लागली. ते गेले, काट्याच्या काचेवर टिचकी मारली आणि काटा थेट लालात! अडकलेला होता. "प्रेशर चढलेलं बॉयलर परवडलं," मालक दम घेऊन सांगायचे, "पण सगळं ठीक आहे म्हणून सांगणारा अडकलेला काटा, तो माणसं मारतो." तेव्हापासून मालक बुटांवरचा विश्वास घालवून बसले. जमीन तळपायाला कळली पाहिजे! इमारतीत, गच्चीवर, अंगणात, नाक्यापर्यंत, सगळीकडे अनवाणी. चप्पल फक्त डॉक्टरीणबाईंकडे जाताना. त्या दर वेळी सांगायच्या, अनवाणी चालू नका. मालक मान हलवायचे आणि जिना उतरल्यावर चपला पिशवीत टाकायचे.

दुसरी गोष्ट चार्जची. जवानीत एकदा मालकांनी रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, दारात आलेला असताना त्याला परत पाठवलं, माझं मी बघतो म्हणाले, आणि तीन पाळ्या सलग ओढल्या. तिसरीत उभ्या उभ्या झोप लागली. पाण्याची पातळी गेली खाली. एका म्हाताऱ्या फायरमनने धावत येऊन सगळं सांभाळलं आणि मग मालकांच्या कानाखाली अशी वाजवली की, मालकांच्या शब्दांत, "तो भोंगा मला अजून ऐकू येतो." तेव्हापासून नियम. रिलीव्हर दारात उभा राहिला की चार्ज द्यायचा. मान मधे आणायचा नाही. आणि चार्ज देताना जे जे गळतंय, जे जे बिघडलंय ते सगळं सांगायचं. लपवलं तर येणारा मरतो.

हे सगळं झाल्यावर छाती पुढे काढून शेवटचं वाक्य, "पण माझ्या पाळीत ब्रेकडाऊन नाही. तेहतीस वर्षांत लॉगबुकात तो शब्द मी लिहिला नाय."

माझं तिथलं तिसरं वर्ष होतं. मालकांचे आकडे चढायला लागले.

आधी एक लाल, मग दोन, मग सगळं पानच लाल. मालकांनी कारण शोधलं ते एकच, पाळीवाला ढिला पडलाय. भात बंद केला. मग भाकरी अर्धी केली. मग चालणं दुप्पट; सकाळ-संध्याकाळ गच्चीवर फेऱ्या, अनवाणी, त्या तापलेल्या गिलाव्यावर. आकडा वरच. मेमोवर मेमो. एका मेमोत तर त्यांनी स्वतःला निलंबनाची तंबी दिलेली मी वाचली. माणूस आठ दिवसांत असा वाळला की शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसायला लागला, तोंडावर तापाची लाली, आणि आवाजही गेला. सातची शिट्टी फुर्र अशी वाजली तेव्हा मी घाबरलो. खाली दुधं उतू गेली.

त्या दिवशी रविवार होता. दुपारी मी जिना चढत होतो आणि पायरीवर एक डाग दिसला. ओला, गुलाबी, पैशाएवढा. पुढच्या पायरीवर नाही, त्याच्या पुढच्या पायरीवर पुन्हा. एक सोडून एक, तिसऱ्या मजल्यापर्यंत. फक्त उजव्या पायाचे.

मालक गॅलरीत खुर्चीवर बसलेले, वही मांडीवर, लाल पेन हातात. मी खाली बसलो आणि त्यांचा उजवा पाय उचलला. तळव्याला, अंगठ्याच्या खाली, काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. वायरींना लावतात ती. तिच्याखाली हळद. आणि हळदीखाली जे होतं त्याचं वर्णन मी, अतिशयोक्तीचा बाप असूनही, करणार नाही. पाय घोट्यापर्यंत लाल आणि गरम होता. वासही येत होता.

"हे काय आहे, मालक?"

"गळती होती. टेप मारलीय."

"कधीपासून?"

"ते काय दुखत नाय रे."

"काय टोचलं?"

"काय म्हाईत. दुखलंच नाय तर कळणार कसं? अंगठा हलतोय, बघ." आणि त्यांनी मला अंगठा हलवून दाखवला, अभिमानाने.

मी आयुष्यात फार हुशार कधी बोललेलो नाही, पण त्या दिवशी बोललो. मी म्हणालो, "मालक, काटा अडकलाय तुमचा. तळपायाचा. वीस वर्षांच्या साखरेने तिथलं कळणंच गेलंय. तुम्हीच सांगता ना, ठीक आहे म्हणून सांगणारा काटा माणसं मारतो? आणि आकडा चढलाय तो भाताने नाही, या जखमेने चढलाय. तुम्ही काही चुकला नाहीत. चला कल्याणला."

इतकं मुद्देसूद मी नोकरीच्या मुलाखतीतही बोललो नव्हतो. मला वाटलं, आता टाळ्या.

मालक म्हणाले, "तो काटा कंपनीचा होता. हा पाय माझा आहे. उद्यापासून भाकरी पण बंद करतो. दोन दिवसांत आकडा खाली आणतो, मग गळती आपोआप बंद."

"मालक, पाय जाईल!"

"माझ्या पाळीत—" त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचं वाक्य पुरं करायला श्वास पुरला नाही.

मला त्या क्षणी कळलं की हा माणूस डॉक्टरला घाबरत नाही, सुईला घाबरत नाही, मरणालाही घाबरत नाही. तो एका शब्दाला घाबरतोय. वीस वर्षं सगळं आपल्या हातात आहे म्हणून सांगितलं; आता हातातून सुटलं म्हणजे आपलाच हात वाईट, एवढंच त्याचं गणित.

मी काकींकडे धावलो. त्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. मी सांगितलं, पाय दाखवत नाहीत तुम्हाला, पण असं असं आहे. काकींनी भांडं खाली ठेवलं. तसबिरीकडे बघितलं. मला वाटलं, आता नवस बोलणार आणि आपण सगळे इथेच बसणार. काकींनी हात जोडले, दोन सेकंद, आणि पदर खोचला.

"किती वाजलं?"

"तीनला पाच कमी आहेत."

"थांब मग."

आणि तीन वाजले. मालकांनी सवयीने शिट्टी तोंडाला लावली. ती वाजायच्या आत काकी गॅलरीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, सरळ, दोन्ही हात बाजूला.

"रिलीव्हर आलाय," त्या म्हणाल्या.

मालकांनी वळून बघितलं. "काय?"

"पाली बदलली. तीन वाजलं. चार्ज द्या."

"वेडी झालीस काय? तुला काय कलतंय बॉयलरमधला? तुझा तर सगला देवीचे हातान!" मालक चिडले की त्यांची कारखान्याची भाषा गळून पडायची आणि घरची यायची.

"हां. तिनंच धाडलंय मना. रिलीव्हर दारान उभा हाय. पाठी धाडाल त्याला?"

मालक बायकोकडे बघत होते. मी मालकांकडे बघत होतो. काकी कुणाकडेच बघत नव्हत्या. रिलीव्हर जसा घड्याळाकडे बघत उभा राहतो तशा उभ्या होत्या. भांडी पुसून ओले झालेले हात त्यांनी लुगड्याला पुसले.

मालकांच्या हातातली शिट्टी खाली आली. त्यांनी वही उघडली, लाल पेन बाजूला ठेवलं, निळं घेतलं. मग एकेक शब्द, बॉयलर हाऊसमध्ये द्यायचे तसा, चार्ज दिला.

"उजवा पाय. अंगठ्याखाली गळती. आठ... नाय, बारा दिवस. वास येतोय चार दिवस. ताप आहे, कालपासून. गोळ्या महिनाभर बंद आहेत." मग खालच्या आवाजात, "काटा चालत नाय."

"आनखी?"

"भ्या वाटतंय," मालक म्हणाले.

काकींनी वही ओढून घेतली, सही केली. बचत गटात शिकलेल्या त्या, सही करायला त्यांना मिनिटभर लागायचं. तेवढा वेळ आम्ही दोघे थांबलो. मग त्या मला म्हणाल्या, "रिक्षा आन रे."

मी जिना कसा उतरलो ते मला माहीत नाही. बहुधा उतरलोच नाही, गॅलरीतूनच गेलो असेन.

कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि पहिल्यांदाच त्यांचा शांतपणा सुटलेला दिसला. सर्जनला बोलावलं, सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. मालकांनी सुईकडे बघून विचारलं, "ही कायमची?" बाई म्हणाल्या, "ते नंतर. आज ताप आणि जखम बघू." मग आम्हाला बाजूला घेऊन, "आत घेऊन साफ करावं लागेल. अंगठा राहतो की जातो, की त्याच्यापुढे जावं लागतं, ते उघडल्यावरच कळेल. मी आत्ता काही कबूल करत नाही."

मी बाकावर बसलो. काकी भिंतीला टेकून उभ्या, ओठ हलत होते. माझ्या पायांना मुंग्या आल्या आणि एरवी मी वैतागलो असतो. त्या दिवशी मी त्या मुंग्यांचे आभार मानले. माझ्या तळपायाला अजून मुंग्या कळत होत्या. त्या माणसाने तीन वर्षं रोज सकाळी माझं बोट टोचलं होतं, आणि स्वतःच्या पायाकडे बघायला त्याला सवड झाली नव्हती.

तास झाला. सव्वा झाला. दार उघडलं, आणि डॉक्टरीणबाई मास्क खाली करत आल्या.

"नख गेलं. थोडं मांस काढलं. हाडापर्यंत गेलेलं नव्हतं. अंगठा आहे, पाय आहे. वेळेत आणलंत."

मी रडलो की हसलो ते काकींना विचारा. त्यांच्या म्हणण्यानुसार मी सर्जनला मिठी मारली आणि मग एका अनोळखी वॉर्डबॉयला. एवढं नक्की आठवतं की मी बाहेर पडलो, समोरच्या दुकानातून जिलबी घेतली, तोंडापर्यंत नेली आणि कल्याणातल्या त्या सगळ्या हॉर्नच्या कल्लोळात मला ऐकू आलं, मेन व्हॉल्व्ह बंद कर! अर्धी खाल्ली. अर्धी पुडीत बांधली. आणि परत जाऊन काकींजवळच्या वहीत लिहिलं, भाडेकरू, जिलबी, अर्धी.

मालक बारा दिवस दवाखान्यात होते. चार्ज काकींकडे. आकडा यंत्रातून वाचता यायचा त्यांना, पण त्यांचा विश्वास आकड्यावर नव्हता. त्या आकडा लिहायच्या आणि शेऱ्याच्या रकान्यात नवऱ्याच्या तोंडाकडे बघून आपलं मत नोंदवायच्या. "बरा हाय." "चिडलाय, म्हंजे बरा हाय." एका दिवशी, "नर्सला बॉयलर शिकवतो." मालकांनी ते वाचून डोक्याला हात लावला. तेहतीस वर्षांच्या लॉगबुकची ही विटंबना! पण खोडलं नाही. आणि त्यांच्या गोळ्यांची पट्टी घरी आल्या दिवसापासून तसबिरीपुढे, काकींच्या पट्टीशेजारी. सकाळी दोघांना दोन प्रसाद. मालक तो घेताना छताकडे बघायचे, पण घ्यायचे.

मी आता कळव्याला राहतो. लग्न झालं, जागा घेतली. सकाळी सातला फोन वाजतो, मी उचलतो, पलीकडून फक्त "आकडा?" एवढंच येतं. मी आकडा सांगतो. फोन बंद. बायकोला पहिल्यांदा वाटलं मी मटक्याच्या नादाला लागलोय.

पण शेवटचं सांगायचं ते त्या दिवसाचं, मालक घरी आले त्या संध्याकाळचं. डॉक्टरीणबाईंनी खास चपला लिहून दिल्या होत्या, मऊ, निळ्या, मागे पट्टा असलेल्या. मालकांनी त्या दारातच काढून ठेवल्या होत्या, बायकी दिसतात म्हणून. गॅलरीत खुर्ची टाकून बसले. बँडेजचा पाय स्टुलावर. खाली नाका बघून माणूस खुशीत आला, आणि खुशीत आला की मालकांना तत्त्वज्ञान सुचायचं. मी होतो, काकी शेंगा सोलत बसलेल्या.

"आता एक ठरवून टाकू," मालक म्हणाले. "भाडेकरू, तू सांग. पाय वाचला तो कोणामुळे? सर्जनने कापलं, बरोबर. पण मी चार्ज दिला नसता तर तो काय कापणार होता? म्हणजे शेवटी हात कोणाचा? माझा. बरं, ही म्हणते देवीनं धाडलं. धाडलं असेल. पण देवीला एवढीच काळजी होती तर जखमेचे ते बारा दिवस काय करत होती? आणि तू म्हणतोस खानदान, रक्त. माझ्या बापाला साखर नव्हती, मग?" त्यांनी हात वर केला, पूर्वीसारखी छाती पुढे काढली, आवाज परत आलेला, खाली रिक्षावाल्याने वर बघितलं. "तेव्हा तूच बोल," ते काकींकडे वळले आणि गच्चीवरच्या फेऱ्यांच्या सवयीने, त्याच भरात, बँडेजचा पाय स्टुलावरून खाली ठेवू लागले. "इतकी वर्षं भांडतेयस माझ्याशी. आज निकाल लाव. माणसाचं शरीर नक्की कोणाच्या हातात आहे?"

काकींनी शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"चपला घाला," त्या म्हणाल्या.